मराठवाड्यात राहून व्हायोलिन-पियानोची जोडी उभी करायची असेल तर

लातूर, परभणी, बीड, धाराशिव, कुठूनही फोन आला तरी प्रश्न साधारण एकच असतो. मुलगी व्हायोलिन शिकतेय किंवा मुलगा कीबोर्डवरून पियानोकडे वळलाय, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची गोडी लागलीय आणि घरचे विचारतायत, "पुढं काय? आपल्याकडं याचं कुणी आहे का?"

ऑर्केस्ट्रा आपल्याकडं नाही. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभा राहिला तो मुंबईच्या एनसीपीए या कला केंद्रात. पण या संगीताचा फार मोठा आणि फार सुंदर भाग दोन माणसांत मावतो. एक व्हायोलिन, एक पियानो आणि एक बऱ्यापैकी शांत खोली एवढ्यावर मोझार्ट, बेथोवन, शुबर्ट, ब्राम्स सगळे वाजवता येतात, आणि तेही त्यांनी लिहिलं तसंच, काही न गाळता. मी परभणीची, पियानो वाजवते आणि नांदेडच्या एका व्हायोलिनवादकाबरोबर जोडीनं काम करते. आधी एकट्यानं मोठं व्हायचं आणि मग कुणी बरोबर वाजवायला मिळतं का बघायचं, हा क्रम आपल्या भागातल्या मुलांनी उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. जोडीदार आधी शोधा, बाकीचं त्याच्याबरोबर शिका. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं लावल्या आहेत.

१. हे साथीचं काम नाही, हे दोघांनीही समजून घ्या

गायकामागं हार्मोनियम वाजते ते ऐकत आपण वाढलो, त्यामुळं व्हायोलिन पुढं आणि पियानो मागं असा समज सहज होतो. सोनाटामध्ये, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या वाद्यरचनेत, तसं नसतं. बेथोवननं या जोडीसाठी १० सोनाटा लिहिले आणि त्या काळच्या छापील प्रतींवर कळफलकाच्या वाद्याचं नाव आधी असे, व्हायोलिनचं नंतर. एक सुरावट व्हायोलिन मांडतं, पियानो ती उचलतो, मग व्हायोलिन मागं सरकून नुसते आधाराचे स्वर देतं. कोण कधी पुढं आहे हे ओळखणं हेच अर्धं शिक्षण आहे.

सुरुवातीला दोन जोड्या भरपूर ऐका. आर्थर ग्रुमियो (व्हायोलिन) आणि क्लारा हास्किल (पियानो) यांची, आणि डेव्हिड ओइस्त्राख व लेव्ह ओबोरिन यांची. दोन्ही जोड्यांनी बेथोवनचे दहाही सोनाटा ध्वनिमुद्रित केले आहेत. एकच मूव्हमेंट (सोनाटाचा एक भाग) दोन्ही जोड्यांची लागोपाठ ऐका, आणि ऐकताना व्हायोलिनकडं दुर्लक्ष करून फक्त पियानोचा डावा हात ऐकायचा प्रयत्न करा. करिअरच्या दृष्टीनंही या लोकांची चरित्रं वाचण्यासारखी आहेत. रुडॉल्फ सर्किन १९२० साली, १७ वर्षांचा असताना, व्हायोलिनवादक आडोल्फ बुशच्या घरी राहायला गेला आणि पुढं त्याच कुटुंबाचा जावई झाला. दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र वाजवलं. आने-सोफी मुटर आणि लॅम्बर्ट ऑर्किस १९८८ पासून एकत्र वाजवत आले आहेत. या क्षेत्रात नाव होतं ते जोडीचं, आणि ते टिकून राहिल्यानं होतं.

२. जोडीदार एका तासाच्या अंतरात शोधा

पुण्या-मुंबईतला उत्तम वादक मिळाला तरी महिन्यातून एकदा भेटून सोनाटा बसत नाही. त्यापेक्षा तुमच्याइतकाच शिकलेला, पण आठवड्याला भेटू शकणारा माणूस बरा. जालना-संभाजीनगर, परभणी-नांदेड, लातूर-धाराशिव अशा जोड्या जमतात, कारण येणं-जाणं एका दिवसात होतं.

शोधायचा कुठं? चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारी मुलं, इंग्रजी शाळांतले संगीत शिक्षक, ग्रेड परीक्षांची तयारी करून घेणारे क्लास, आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेले व्हायोलिनवादक. शेवटच्या गटाबद्दल थोडं सांगायला हवं. मध्यमा किंवा विशारद झालेल्याचा कान तयार असतो, ही मोठी पुंजी आहे. पण तो मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून, तारा सा-प मध्ये लावून वाजवत आलेला असतो. इथं उभं राहून, हनुवटीखाली धरून, तारा जी-डी-ए-ई अशा लावायच्या. डाव्या हाताला ही पकड अंगवळणी पडायला वर्ष जातं, ते द्यावंच लागतं. आणि एकाच वाद्याच्या तारा सकाळी उतरवायच्या, संध्याकाळी चढवायच्या असं करू नका. दोन वाद्यं ठेवा.

पहिल्या भेटीत कठीण काही वाजवू नका. एक सोपी रचना दोघांनी न थांबता शेवटपर्यंत न्यावी. चुकल्यावर समोरचा काय करतो ते बघा. थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा माणूस सुधारतो, पण चुकल्यावर तुमच्याकडं रागानं बघणारा सहसा सुधारत नाही.

३. वाद्यं: आपल्या उन्हाळ्याला टिकतील अशी

पियानोसाठी ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सोनाटा बसत नाही, कारण खालचे स्वरच नसतात आणि बोटांना पट्टीचं वजन कळत नाही. नवा साधारण ४०-५० हजारांपासून पुढं मिळतो. लाकडी पियानो कुणी स्वस्तात देत असेल तर घाई करू नका. ट्यूनर मुंबई-पुण्याहून बोलवावा लागतो आणि वर्षातून किमान दोनदा. आतला पिन-ब्लॉक (तारांच्या खुंट्या धरणारी लाकडी फळी) सैल झालेला असेल तर तो पियानो सूर धरतच नाही, मग फुकट मिळाला तरी महाग पडतो.

व्हायोलिनचं माप हाताच्या लांबीवरून ठरतं, वयावरून नाही. साधारण ११-१२ वर्षांनंतर पूर्ण मापाचं चालतं. "पुढं वाढेल" म्हणून मोठं घेऊ नका, मनगट कायमचं वाकडं बसतं. स्वस्त व्हायोलिनमध्ये दोष बहुधा लाकडापेक्षा जुळणीत असतो. घोडी (तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी) जाड, खुंट्या नीट न बसलेल्या, तारा पत्र्यासारख्या वाजणाऱ्या. घोडी तासून घेतली आणि चांगल्या सिंथेटिक तारा चढवल्या की तेच वाद्य ओळखू येत नाही.

हवेबद्दल मात्र फार जपा. व्हायोलिनला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा पार कोरडी, खुंट्या आक्रसतात आणि पेटी उघडावी तर चारही तारा सुटलेल्या. सगळ्या तारांचा ताण एकदम गेला की आतला साउंडपोस्ट (पोटातला लाकडी टेकू) पडू शकतो, म्हणून तारा बदलताना एक काढा, एक चढवा, मग दुसरीला हात लावा. पावसाळ्यात उलटं होतं, खुंट्या फुगून अडकतात. सगळ्यात मोठा धोका कूलरचा. बाहेर कोरडी हवा आणि कूलरचा ओला झोत थेट वाद्यावर, यानं कडेची शिवण उकलते. व्हायोलिन कूलरसमोर ठेवू नका, गाडीत तर अजिबात नाही. पेटीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. आणि शिवण उकललीच तर गल्लीतल्या सुताराकडं नेऊन फेविकॉल लावून घेऊ नका. व्हायोलिनला जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरतात, तो पुढच्या दुरुस्तीला सोडवता येतो. फेविकॉलनं चिकटवलेलं वाद्य पुन्हा उघडताना लाकूडच फाटतं.

लागणाऱ्या बाकीच्या वस्तू:
- गजाच्या (बोच्या) केसांना लावायची राळ (दोन खडे, उन्हात एक वितळतोच)
- खांद्याची पट्टी, जास्तीच्या तारांचा एक संच
- दोन भक्कम म्युझिक स्टँड, घडीचे हलके नकोत
- मेट्रोनोम, फोनवरचा चालेल
- पियानोचं पेडल, जमिनीवर न सरकणारं
- कपड्यांचे लाकडी चिमटे, डझनभर (कशाला ते पुढं येईल)

४. शिकणं आणि परीक्षा

पाश्चात्त्य पद्धतीचे चांगले शिक्षक मराठवाड्यात विरळ आहेत. बहुतेकांना ऑनलाइन शिकवणी आणि अधूनमधून मुंबई-पुण्याची वारी असं मिश्रण करावं लागतं. ऑनलाइन वर्गात ॲपमधलं 'मूळ आवाज' हे सेटिंग चालू करा, नाहीतर ॲप व्हायोलिनचा लांब स्वर गोंगाट समजून कापून टाकतं. देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसनं जाऊन शिक्षकांसमोर उभं राहण्याला मात्र पर्याय नाही. गज धरणारा हात कॅमेऱ्यात नीट दिसत नाही.

परीक्षा दोन मंडळांच्या चालतात, एबीआरएसएम आणि ट्रिनिटी, दोन्ही लंडनच्या. दोन्हीकडं आठ ग्रेड. फरक लक्षात ठेवा: एबीआरएसएमची सहावी ते आठवी ग्रेड द्यायची तर आधी पाचवीची थिअरी पास लागते, ट्रिनिटीला ही अट नाही. ऐन वेळी हे कळून वर्ष वाया गेलेली मुलं मला भेटतात. एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार रचना एका सलग व्हिडिओत, न कापता, मुद्रित करून पाठवायच्या असतात. आपल्यासारख्यांना हे सोयीचं, परीक्षा केंद्र गाठावं लागत नाही. १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. व्हायोलिनच्या बहुतेक रचनांना पियानोचा भाग असतो, आणि जोडीदार आधी शोधण्याचा पहिला फायदा इथंच मिळतो.

परीक्षेवर परीक्षा देत बसू नका एवढंच. वर्षभर तीन-चार रचना घोटल्या आणि प्रमाणपत्र आलं, पण नवं पान समोर ठेवलं तर वाचता येत नाही, असं पुष्कळांचं होतं. चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे अशा मोजक्या वादकांच्या संगीतात, पान बघून वाजवता येणं फार लागतं. रोज १५ मिनिटं नवं काहीतरी वाचा, चुकत का होईना.

५. सुरुवात कोणत्या रचनांनी

द्वोर्झाकचा सोनातिना (छोटा सोनाटा), ओपस १००. ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक, शुबर्टला त्याऐवजी डी. आणि मोझार्टला के. लावतात. अमेरिकेत असताना १८९३ साली द्वोर्झाकनं हा सोनातिना स्वतःच्या १५ वर्षांच्या मुलीसाठी आणि १० वर्षांच्या मुलासाठी लिहिला. मुलांच्या हाताला झेपेल असा, पण कुठंही पोरकट नाही. त्यानंतर शुबर्टचा डी मेजर (डी. ३८४, १८१६), मग मोझार्टचा ई मायनर (के. ३०४, १७७८). तिथून बेथोवनच्या एफ मेजर, ओपस २४ कडं जा.

बेथोवनचा 'क्रॉइट्झर' (ओपस ४७) आणि सेझार फ्रांकचा ए मेजर सोनाटा यांच्या मागं पहिल्या दोन-तीन वर्षांत लागू नका. ते ऐकून मन भरून येतं, म्हणूनच सगळ्यांना तेच हवे असतात. पण फ्रांकचा पियानोचा भाग भल्याभल्यांना जड जातो. त्यात अडकलं की पियानोवाला सहा महिने स्वतःच्याच स्वरांशी झगडतो आणि व्हायोलिन ऐकायचं राहून जातं.

या सगळ्या रचनांचे मूळ स्कोअर (दोन्ही वाद्यांची स्वरलिपी) कॉपीराइटमुक्त आहेत आणि नेटवर मोफत मिळतात. फक्त शंभर वर्षांपूर्वीच्या आवृत्त्यांत संपादकांनी स्वतःची बोटं, गजाच्या खुणा, जोर-हळूच्या सूचना बिनधास्त घुसवलेल्या असतात. जमेल तेव्हा हेनले किंवा बेरेनरायटर या प्रकाशकांची मूळबरहुकूम प्रत विकत घ्या. दोघांनी मिळून वर्षाला एक घेतली तरी पुरे.

६. तालीम

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण इथंच जोडी होते.

छापील प्रतीत पियानोच्या पानावर व्हायोलिनची ओळ वर बारीक छापलेली असते. व्हायोलिनच्या सुट्या पानावर मात्र पियानोचा एकही स्वर नसतो. म्हणजे पियानोवाल्याला दोघांचं दिसतं आणि व्हायोलिनवाल्याला फक्त स्वतःचं. उपाय सोपा आहे: व्हायोलिनवाल्यानं पूर्ण स्कोअरची झेरॉक्स काढून पहिला आठवडा त्यावरूनच वाजवायचं आणि अडचणीच्या जागी पियानोची लय पेन्सिलनं आपल्या पानावर उतरवून घ्यायची.

सूर लावताना फक्त ए घेऊन थांबू नका. व्हायोलिनच्या तारा शुद्ध पंचमात लागतात, पियानोचा पंचम किंचित आखूड असतो. त्यामुळं ए वरून कानानं खाली येत जी पर्यंत पोचलात की तुमचा जी पियानोच्या जी पेक्षा सुमारे ४ सेंट उतरलेला असतो (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट). ऐकायला कमी वाटतं, पण शांत जागी मोकळी जी तार आणि पियानोचा जी एकत्र आले की लगेच बोचतं. जी सुद्धा पियानोवरून तपासा आणि पंचम केसभर आवळून घ्या.

आता मोझार्टच्या ई मायनरची सुरुवात उघडा. दोन्ही वाद्यं एकच सुरावट, हळू आवाजात, एकत्र वाजवतात. आधाराला एकही स्वर नाही, लपायला जागा नाही. पहिला स्वर एकत्र येण्यासाठी मोजून "एक, दोन" म्हणायचं नाही. व्हायोलिनवाला गज उचलतो आणि त्याच लयीत नाकानं श्वास घेतो, पियानोवाला तोच श्वास घेतो, हात उतरतात. गज तारेवर टेकल्यावर स्वर उमटायला किंचित वेळ लागतो, पियानोचा हातोडा मात्र लगेच बोलतो. म्हणून पियानोवाल्यानं उजव्या खांद्याकडं न बघता गजाच्या केसांकडं बघायचं: ते तारेला लागून चालू लागले की पट्टी दाबायची. आमच्याकडं नव्या जोड्या आल्या की आधी एवढी एकच ओळ वाजवून घेते, दुसरं काही नाही. एकदा ती बसली की दोघांच्याही चेहऱ्यावर कळतं, आणि मग त्यांना घरी पाठवणं अवघड होतं.

पियानोचा आवाज मोठा पडतो ही कायमची तक्रार. डिजिटलवर नुसता आवाजाचा खटका कमी करणं हे उत्तर नाही. डावा हात हलका करा, पेडल निम्मं करा, आणि व्हायोलिन खालच्या तारांवर असेल तिथं आणखी मागं सरका.

दोघं आपापल्या गावातून ऑनलाइन तालीम करू म्हणाल तर ते होत नाही, आवाज उशिरा पोचतो आणि लय घसरत जाते. त्याऐवजी पियानोवाल्यानं आपला भाग संथ, मध्यम आणि खऱ्या लयीत फोनवर मुद्रित करून पाठवावा. भेटीआधीचा घरचा सराव त्यावर करा.

७. पहिला कार्यक्रम

डिसेंबर-जानेवारीत ठेवा. हवा बरी असते आणि पंखे बंद ठेवता येतात. पंख्याची घरघर तर आहेच, पण खरा त्रास पानं उडण्याचा. वर सांगितलेले चिमटे त्यासाठी. पानं उलटायला माणूस हवा, तो पियानोवाल्याच्या डाव्या बाजूला बसेल, उभा राहून डाव्या हातानं वरचा कोपरा धरेल. त्यालाही दोन तालमींना बोलवा.

जागा शाळेचा हॉल, वाचनालयाचं सभागृह, कुणाचा मोठा दिवाणखाना. १०० माणसांच्या आत असाल तर व्हायोलिनला माइक नको. डिजिटल पियानोचा स्पीकर मात्र वादकांच्या मागं, जवळ ठेवा, म्हणजे दोन्ही आवाज एकाच ठिकाणाहून येतील. मंडपातले दोन टोकांचे भोंगे वापरले तर व्हायोलिन एकीकडं आणि पियानो भलतीकडं ऐकू येतो. साउंडवाल्याला आधीच सांगा, "इको बंद." इन्व्हर्टर किंवा यूपीएस लावा आणि तालमीत एकदा मेन स्विच मुद्दाम पाडून बघा. वीज जाताना क्षणभरही पियानो बंद पडला तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत मूव्हमेंट हातातून गेलेली असते.

सत्कार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत हे सगळं होणारच. आयोजकांना विनंती करा की ते आधी उरकावं आणि वादक त्यानंतरच मंचावर यावेत. शाल-श्रीफळ घेऊन अर्धा तास बसल्यावर बोटं गार पडतात आणि तारा उतरतात.

कार्यक्रम ४५-५० मिनिटांचा पुरे. प्रत्येक रचनेआधी दोन मिनिटं मराठीत बोला: कुणी, कधी, कशासाठी लिहिलं, आणि एखादी सुरावट वाजवून दाखवा की ही परत येईल, ओळखा. आपल्याकडचा श्रोता भजन-कीर्तनात आणि गाण्याच्या बैठकीत मुरलेला आहे, त्याला ऐकणं शिकवावं लागत नाही. मूव्हमेंट संपल्यावर टाळ्या पडल्या तर पडू द्या, मान लववा. मध्येच "वा!" आली तर ती योग्य जागीच आलेली असते.

८. पैसे

फक्त मैफिलींवर मराठवाड्यात घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. पाया शिकवणीचा: घरचे क्लास, शाळा, ऑनलाइन विद्यार्थी. पियानोवाल्याला परीक्षार्थींबरोबर वाजवण्याचं काम मिळतं, व्हायोलिनवाल्याला स्टुडिओचं. समारंभांत वाजवायला हरकत नाही, पण चित्रपटगीतांना हक्कधारकांचा परवाना लागू शकतो, लागला तर तो आयोजकानं काढायचा हे लेखी घ्या.

जोडीतला हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा. मानधन निम्मं-निम्मं, पियानोची वाहतूक सामाईक खर्चातून, आणि कुणी नोकरी-लग्नामुळं गाव सोडलं तर घेतलेल्या तारखांचं काय करायचं ते. मैत्री आहे म्हणून हे टाळू नका. आयोजकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्या, बिल द्या, पॅन द्या आणि टीडीएस कापला असेल तर तो २६एएस या आयकराच्या नोंदपत्रकात दिसतोय का बघा.

९. पुढं बाहेर शिकायला जायचं असेल

देशात चेन्नईची केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी (२००८) हा एक रस्ता. परदेशात जर्मनीकडं आपल्या मुलांनी जास्त बघावं, कारण तिथल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. राहण्याचा खर्च वेगळा. जर्मन भाषेचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी लागतं, तयारी दोन वर्षं आधी सुरू करा. पदवीनंतर चेंबर म्युझिकच्या मास्टर्सला काही विद्यापीठं बसलेल्या जोडीला जोडी म्हणूनच प्रवेश देतात, दोघांची परीक्षा एकत्र होते. शिष्यवृत्तीसाठी जे. एन. टाटा एंडोमेंट (ही कर्जरूपानं मिळते, १८९२ पासून आहे) आणि इनलॅक्स या दोन्हींकडं अर्ज करा.

कागदपत्रं:
- पासपोर्ट
- जन्मदाखला, इंग्रजीत
- दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रिका, प्रमाणित भाषांतरासह
- जर्मनीच्या व्हिसासाठी साधारणपणे एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं)
- ग्रेड व डिप्लोमा प्रमाणपत्रं
- वाजवलेल्या रचनांची यादी, ओपस क्रमांकांसह
- न कापलेली व्हिडिओ मुद्रणं: व्हायोलिनसाठी सहसा एकट्या व्हायोलिनचा बाख, एक कंचेर्टोची (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या रचनेची) मूव्हमेंट आणि एक कॅप्रिस किंवा एत्यूद (हाताचं कसब दाखवणारी छोटी रचना) लागतो
- दोन शिक्षकांची शिफारसपत्रं

आपल्याकडं सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, आधारवर उलटं, पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, आणि ग्रेड परीक्षेला घरचं लाडकं नाव. परीक्षेचा पहिला फॉर्म भरतानाच पासपोर्टवर असेल ते नाव, त्याच स्पेलिंगनं घाला. आधीच घोळ झाला असेल तर राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या, आणि ते अर्जाच्या हंगामात नको, उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरका.

जुना, वारशानं आलेला गज नेणार असाल तर त्याच्या टोकाला हस्तिदंत किंवा पकडीला कासवाची पाठ नाही ना हे जाणकाराकडून तपासून घ्या. असेल तर तो गज घरी ठेवा आणि साधा कार्बन फायबरचा घेऊन विमानात बसा. व्हायोलिन हातसामानातच न्या, सामानाच्या पट्ट्यावर सोडू नका.